ठराव आणि कायदा

नागरिकशास्त्राच्या तासाला एक प्रश्न हमखास यायचा. "सर, ठराव मंजूर झाला म्हणजे कायदा झाला ना?"

नाही. लोकसभेने किंवा राज्यसभेने मंजूर केलेला ठराव हे बहुतेक वेळा त्या सभागृहाचे नुसते मत असते. सरकारवर त्याचे वजन पडते, सक्ती नाही. अपवाद आहेत. कलम 249 प्रमाणे एकट्या राज्यसभेने दोन तृतीयांश मतांनी ठराव केला तर राज्यांच्या यादीतल्या विषयावर संसदेला कायदा करता येतो. पण तिथेही कायदा पुढे वेगळा करावाच लागतो.

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना हा फरक पुस्तकाबाहेर कळला. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला. मागणी अवाजवी नव्हती. या मागासलेल्या भागात बाबासाहेबांच्या संस्थेने 1950 सालीच औरंगाबादला कॉलेज काढले होते. विद्यापीठ आले 1958 साली. ठरावाने नाव बदलले नव्हते, त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागणार होती. तरी गावोगावी दलित वस्त्या पेटल्या. आमची हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना ठार मारले. विरोध करणारे मराठवाड्याच्या अस्मितेचे नाव घेत होते. पण ज्यांची घरे जळली त्यातल्या कित्येकांनी विद्यापीठाची पायरीसुद्धा पाहिली नव्हती! मग अस्मितेला नेमका धोका कुणाचा होता, हे मला आजही कुणी नीट सांगितलेले नाही.

सरकारने अंमलबजावणी लांबणीवर टाकली. एकमताचा ठराव तसाच पडून राहिला. 1979 साली प्रा. जोगेंद्र कवाडेंचा लाँग मार्च नागपूरहून निघाला. मोर्चे, तुरुंग, सरकारे बदलली... नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झाले. जुने नावही ठेवले, म्हणून 'नामांतर' न म्हणता 'नामविस्तार' म्हणायचे. शब्दांची ही तडजोड मला तेव्हा आवडली नव्हती. असो.

त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले आणि आमच्या भागातली कॉलेजे तिकडे गेली. माझ्या बी.ए.च्या पदवीवर नुसते 'मराठवाडा विद्यापीठ' आहे, मुलीच्या पदवीवर 'स्वामी रामानंद तीर्थ'. बाबासाहेबांचे नाव असलेली पदवी आमच्या घरात अजून आलेली नाही. धाकटा नातू यंदा तिकडे एम.ए.ला जाईन म्हणतो आहे.