जुन्या मशीनचा भाव



शाळेच्या अडगळीच्या खोलीत, देवळाच्या कोठीत किंवा एखाद्या मंडपवाल्याच्या गोदामात पत्र्याची एक जड पेटी तुम्ही पाहिली असेल. पुढे चार-पाच गोल बटणे, एक लाल दिवा. मागे जाळी, आणि जाळीतून डोकावले तर आत काचेच्या नळ्या. म्हातारी माणसे तिला नुसते 'मशीन' म्हणतात. हा व्हाल्वचा ॲम्प्लिफायर. वर्षानुवर्षे तो भंगारवाल्याच्या तराजूत किलोवर गेला. आता मात्र गिटार वाजवणारी तरुण मुले अशा पेट्यांची चौकशी करू लागली आहेत. व्यवहाराला बसले की विकणाऱ्याला वाटते, हे सोने आहे. घेणाऱ्याला वाटते, हा पत्रा आहे. पेटीची कुंडली दोघांनाही ठाऊक नसते. ती कशी मांडावी, एवढेच आज सांगायचे आहे.

थोडे मागे जाऊ. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंग यांनी दोन टोकांची निर्वात नळी तयार केली. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरे टोक, म्हणजे बारीक तारेची जाळी बसवली. सारी करामत त्या जाळीची. तुम्ही पिकाला दारे धरता तेव्हा काय करता? पाटाच्या तोंडाची माती खोऱ्याने जराशी ओढता, आणि तेवढ्या हालचालीने पाटभर पाणी या सरीतून त्या सरीत वळते. व्हाल्वमध्ये तापलेल्या तारेकडून पत्र्याकडे विजेचा प्रवाह वाहत असतो, आणि मधल्या जाळीवर आलेला बोलण्याचा अगदी क्षीण विद्युतदाब तो मोठा प्रवाह कमीजास्त करतो. माणूस बोलतो हळू, भोंगा बोलतो मोठ्याने.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. आपला परभणी जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात. पुढे हैदराबादेत 'डेक्कन रेडिओ' आला, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली तीही नभोवाणीवरूनच. ज्यांच्या घरी संच होता, त्यांना ती व्हाल्वमधूनच ऐकू आली. दुसरे साधन तेव्हा नव्हतेच. त्यानंतर निवडणुका आल्या, सभा आल्या. परभणीचा तुराबुल हकशहा यांचा उरूस, जनाबाईंच्या गंगाखेडची कीर्तने, गावोगावच्या जत्रा आणि लग्ने, यांना रेडिओ पुरेना. हजारोंना ऐकू जाईल असे यंत्र हवे झाले. दिल्लीची आहुजा कंपनी १९४० पासून या धंद्यात होती, तिची मशीने सगळीकडे पसरली. गावात वीज नसली तरी अडत नसे. मोटारीची बॅटरी आणायची, मशीनमधला व्हायब्रेटर घूं घूं करीत त्या बॅटरीवरून वरचा दाब तयार करायचा, आणि कर्णा बाभळीला बांधायचा!

आता गिटारचा यात संबंध काय? तर याच काळात तिकडे परदेशात वाद्यांसाठी असेच ॲम्प्लिफायर बनू लागले. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९४६ साली कंपनी काढली. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली पहिला मार्शल तयार झाला, आणि तो फेंडरच्या एका नमुन्यावरून. इंग्लंडातच व्हॉक्स कंपनीने चार ईएल ८४ व्हाल्व बसवून तीस वॉटचे यंत्र काढले. ईएल ८४ हे नाव ध्यानात ठेवा. हाच व्हाल्व आपल्याकडच्या मोठ्या रेडिओंत आणि लहान ॲम्प्लिफायरांत असे. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली. १९६१ पासून तिथे व्हाल्व बनू लागले, आणि तिचे जुने ईएल ८४ आजही परदेशातले गिटारवाले शोधत असतात. मुंबईत व्हॅन शिपले आणि हजारासिंग यांनी विजेच्या गिटारवर सिनेमाची गाणी वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या, त्या आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकल्या असतील. म्हणजे कीर्तनकाराचे मशीन आणि गिटारवाल्याचे मशीन हे चुलतभाऊ आहेत. पण चुलतच, सख्खे नव्हेत! भाव करताना घोटाळा होतो तो इथेच.

कीर्तनकाराला शब्द स्वच्छ हवा. आवाज जरा फाटला की लोक ओरडतात, "मशीन फाटतंय, कमी करा!" गिटारवाल्याला नेमके तेच फाटणे हवे असते. व्हाल्ववर त्याच्या ताकदीबाहेर भार पडला की तो आवाजाचे शेंडे एकदम छाटत नाही, हळूहळू दाबत जातो. त्यातून सुराला एक गोड खरखर येते. ट्रान्झिस्टरचे यंत्र फाटते तेव्हा ते कानाला कडक लागते. तेव्हा पन्नास-साठ वॉटचे, मोठ्या सभेचे मशीन दिसायला भारी असले तरी घरात गिटार वाजवणाऱ्याला ते अवजड. ते फाटेपर्यंत वाढवले तर शेजारी उठून येतील. दोन ईएल ८४ चे दहा-पंधरा वॉटचे लहानसे यंत्र त्याच्या जास्त कामाचे. जे मंडपवाला 'छोटं मशीन' म्हणून कोपऱ्यात टाकतो, त्यालाच मुले जास्त पैसे मोजायला तयार होतात. आणखी एक गोष्ट. गिटारची तार ज्यात जाते ते तोंड उच्च रोधाचे लागते. ज्या मशीनवर क्रिस्टल माइकसाठी जागा आहे, तिथे गिटार चालते. माइकसाठी आत वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर असेल तर गिटारचा आवाज मंद आणि दबका निघतो.

मी स्वतः एकदा फसलो, तेही सांगून टाकतो. एका बाजारात चकचकीत रंग दिलेले मशीन पाहिले. बटणे नवी, दिवा नवा. मी भुललो, आणि वरचा पत्रा न उघडताच पैसे दिले. घरी येऊन उघडले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हाल्व आणि भोंगा यांच्यामधला तो लोखंडी ठोकळा, कुणीतरी तांब्यासाठी केव्हाच काढून विकलेला, आणि त्या जागी रेडिओतला सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर जोडलेला. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा आणि दहा मिनिटांत जळका वास. त्या दिवशी कळले, की मशीनचा जीव लोखंडात असतो.

म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर पाहा. मूळचे आहेत का? बसवण्याचे स्क्रू गंजून एकजीव झाले आहेत, की अलीकडे उघडल्यासारखे चमकतात? खालून मेण किंवा डांबर ओघळले आहे का? आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला मोटार रिवाइंडिंगची दुकाने आहेत. विजेच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर ते गुंडाळून देतीलही, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये तारांचे थर एकाआड एक असतात. ते काम साऱ्यांना जमत नाही. दोन्ही ट्रान्सफॉर्मर शाबूत असलेले मळके, गंजके मशीन हे रंगवलेल्या पोकळ मशीनपेक्षा केव्हाही महाग समजा.

मग व्हाल्व. नळीच्या आतल्या काचेवर आरशासारखा रुपेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हाल्व मेला. मात्र व्हाल्व गेले म्हणून मशीन टाकून देऊ नका. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये ते अजून बनतात. राहिले कंडेन्सर. चाळीस-पन्नास वर्षांत ते सुकतात, आणि मशीन सतत घुंघुं करते. विकणारा म्हणेल, "साहेब, सगळं ओरिजनल आहे, हातसुद्धा लावलेला नाही." हे ऐकून खूश होऊ नका. मूळचे कंडेन्सर म्हणजे बैलगाडीला आजोबांच्या वेळचे कुजके जू. जाणत्या कारागिराने ते बदलले असतील, तर तो दोष नव्हे. तेवढा तुमचा खर्च वाचला.

चालू करून पाहण्याची घाई मात्र नको. भोंगा किंवा स्पीकर जोडल्याशिवाय व्हाल्वचे मशीन कधीही चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. जुने रेडिओ मेकॅनिक साखळीत शंभर वॉटचा बल्ब लावून वीज देत. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. व्हाल्वमधला पत्रा लाल होऊ लागला तर लगेच बंद करा. आणि प्लग काढल्यावरही आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब कंडेन्सरांत साठून राहतो. शाळेतल्या मुलांना पेटीत हात घालू देऊ नका, गुरुजी.

याहून मोठा धोका एक आहे, आणि तो मशीनपेक्षा जुन्या रेडिओंत अधिक. काही संच 'एसी-डीसी' म्हणून निघत. त्यांत विजेचा ट्रान्सफॉर्मरच नसे. भिंतीतली वीज सरळ आतल्या पत्र्यावर येई. लाकडी पेटी आणि बंद बटणे होती म्हणून माणसे वाचली. असा संच स्वस्तात घेऊन कुणी त्याला गिटार जोडली, तर गिटारच्या तारांत भिंतीतली वीज येऊ शकते. तो फुकट मिळाला तरी या कामाला घेऊ नये.

आता वयाचे बोलू, कारण जुनेपणाचे पैसे सगळेच मागतात. यंत्र स्वतः खोटे बोलत नाही, त्याच्यावरचे कागद आणि शिक्के वाचायला हवेत. पावती हाली शिक्क्यात असेल तर ती निजामी चलनाच्या वेळची. रुपये-आणे-पै असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, नवे पैसे त्या दिवसापासून आले. पेटीवर 'जिल्हा परिषद, परभणी' असे रंगवले असेल तर तो रंग १ मे १९६२ च्या नंतरचा, कारण त्याआधी जिल्हा परिषदच नव्हती. 'मु. परतूर, जि. परभणी' वाचलेत तर १९८१ च्या आधीचे, कारण त्या साली परतूर नव्या जालना जिल्ह्यात गेले. आणि 'हिंगोली, जि. परभणी' असेल तर १९९९ च्या आधीचे. आतले व्हाल्व बंगळूरचे असतील, तर निदान ते व्हाल्व तरी १९६१ नंतरचे. पण व्हाल्व बदलले जातात, म्हणून एकट्या व्हाल्ववर विसंबू नका.

शिक्षक बंधू-भगिनींना याचसाठी एक विनंती आहे. तुमच्या शाळेची डेडस्टॉकची नोंदवही काढा. तिथे बहुधा मशीन कधी घेतले, कितीला घेतले, कुणाच्या सहीने घेतले, हे सापडेल. कुणी गाडी घेऊन दारात आला आणि "गुरुजी, हे भंगार न्यू का?" म्हणाला, तर ते रीतसर निर्लेखन आणि लिलाव झाल्याशिवाय देता येत नाही. घेणाऱ्यानेही शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे मशीन त्या कागदाशिवाय घेऊ नये. निर्लेखनाच्या आधी नोंदवहीतले ते पान उतरवून घ्या. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, या भोंग्यावर पहिल्यांदा काय ऐकले होते. तो जे सांगेल ते तारखेसह त्याच कागदावर लिहा, आणि कागद घडी घालून पेटीच्या तळाशी, ट्रान्सफॉर्मरपासून दूर, चिकटवून ठेवा. पुढे ती पेटी परभणीतल्या एखाद्या मुलाच्या गिटारला लागो की लिलावात जावो, कागद तिच्याबरोबर जाईल.