ग्वांगजू कोणत्या क्रमाने बघावं?

'अ टॅक्सी ड्रायव्हर' (२०१७) बघून झालेला माणूस दुसऱ्या दिवशी हमखास विचारतो, "असंच अजून काही आहे का?" मग कोणीतरी 'पॅरासाइट' सुचवतं, कारण काय तर सोंग कांग-हो दोन्हीकडे आहे. 'पॅरासाइट' भारीच आहे, वादच नाही. पण तो 'असंच' नव्हे.

माझ्या मते 'असंच' म्हणजे त्याच गोष्टीचा पुढचा-मागचा भाग. १९७९ ते १९८७ या आठ वर्षांवर कोरियन लोकांनी इतकं काम केलंय की नीट लावलं तर एक सलग मालिकाच होते. तर मंडळी, नट-दिग्दर्शक बाजूला ठेवा आणि यादी तारखेने लावा.

२६ ऑक्टोबर १९७९. अठरा वर्षं सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही जेवणाच्या मैफलीत गोळी लागून मरतात. गोळी घालणारा कोण, तर त्यांच्याच गुप्तचर संस्थेचा प्रमुख किम जे-ग्यू! यावर 'द मॅन स्टँडिंग नेक्स्ट' (२०२०) बघा. ली ब्युंग-हुनचा चेहरा शेवटपर्यंत ताणलेला आहे. तीच रात्र काळ्या विनोदाच्या अंगाने बघायची असेल तर 'द प्रेसिडेंट्स लास्ट बँग' (२००५).

१२ डिसेंबर १९७९. खुनाचा तपास ज्याच्याकडे आहे तो जनरल चुन डू-ह्वान थेट लष्करप्रमुखालाच अटक करतो आणि एका रात्रीत सैन्य ताब्यात घेतो. 'ट्वेल्व्ह ट्वेल्व्ह: द डे' (२०२३) ही त्या एका रात्रीची गोष्ट. अर्धा सिनेमा फोनवर चालतो. कोणती तुकडी कोणाचं ऐकणार, कोण कुंपणावर बसणार, एवढंच. शेवट सगळ्या कोरियाला पाठ आहे, तरी एक कोटीहून जास्त लोकांनी तिकीट काढून बघितला.

मग १८ मे १९८०, ग्वांगजू. आदल्या रात्री लष्करी कायदा देशभर लागू झालेला. विद्यापीठाच्या फाटकापाशी जमलेल्या विद्यार्थ्यांना छत्रीधारी सैनिकांनी झोडपलं, ते बघून साधी माणसं रस्त्यावर आली. २० तारखेला टॅक्सी आणि बसवाल्यांनी दिवे लावून गाड्यांचा मोर्चा काढला. २१ला सैन्याने जमावावर गोळ्या चालवल्या आणि मग शहराबाहेर जाऊन वेढा घातला. पुढचे काही दिवस शहर लोकांनीच चालवलं. २७च्या पहाटे सैन्य परत आलं आणि संपलं सगळं. मृतांचा नेमका आकडा हा तिथे आजही वादाचा विषय आहे.

'टॅक्सी ड्रायव्हर' यातलाच. जर्मन कॅमेरामन युर्गन हिन्झपीटर खरा, त्याचं चित्रण खरं, टॅक्सीवाला किम सा-बोकही खरा. शेवटचा गाड्यांचा पाठलाग मात्र रचलेला. हिन्झपीटर २०१६ मध्ये गेला, तोवर त्याला तो ड्रायव्हर पुन्हा भेटला नाही. सिनेमा आल्यावर ड्रायव्हरचा मुलगा पुढे आला, तेव्हा कळलं की वडील १९८४ मध्येच वारले होते.

ज्यांना प्रेमकथेतून आत शिरायचंय त्यांनी 'यूथ ऑफ मे' (२०२१) घ्यावी, बारा भागांची आहे. ('शेवटी काय होतं?' असं विचारू नका. तारीख बघा.) आणि ज्यांना समोरच्या बाजूचं बघायचं धैर्य आहे त्यांनी ली चांग-डोंगचा 'पेपरमिंट कँडी' (१९९९). एका माणसाचं आयुष्य उलटं, शेवटाकडून सुरुवातीकडे जातं. हा इतका सडका का झाला, याचं उत्तर शोधत मागे गेलं की तो ग्वांगजूमध्ये बंदूक घेऊन उभा असलेला घाबरट पोरगा सापडतो.

शेवटी १९८७. जानेवारीत पार्क जोंग-चोल हा विद्यार्थी पोलिसांच्या छळात मेला. पोलिसांचं म्हणणं काय, तर टेबलावर हात आपटला आणि तो दचकून गेला! जूनमध्ये ली हान-योलच्या डोक्याला अश्रुधुराचं नळकांडं लागलं. लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि २९ जूनला सरकारला थेट निवडणूक कबूल करावी लागली. सिनेमाचं नावच '१९८७'.

आता हीच यादी दुसऱ्या रकान्याने लावून बघा, म्हणजे कलाकृती कधी आली त्या वर्षाने. मला खरी गंमत इथे दिसते.

पहिली मोठी मालिका 'सँडग्लास', १९९५ ची. एक मित्र ग्वांगजूच्या लोकांत, दुसरा गणवेशात. लोक वेळेवर घरी पळायचे म्हणे. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारी वकिलांनी चुनवर खटला भरायला नकार दिला, आणि डिसेंबरमध्ये खास कायदा होऊन तो तुरुंगात होता. (मालिकेमुळे झालं असं मी म्हणत नाही, रेटा रस्त्यावरचा होता. पण दोन्ही एकाच हवेत घडलं.) फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेवर आली आणि १९९७ मध्ये माफीही मिळाली. २००५ मध्ये कोर्टाने 'लास्ट बँग'मधली सुमारे चार मिनिटांची खरी चित्रफीत काढायला लावली, तर निर्मात्यांनी तिथे पडदा कोरा ठेवून सिनेमा दाखवला. चुन २०२१ मध्ये माफी न मागताच मेला. आणि २०२३ च्या सिनेमातही त्याचं नाव किंचित बदलून 'चुन डू-ग्वांग'च ठेवलंय.

म्हणजे थोडक्यात काय, घटना आठ वर्षांची आणि ती मोठ्याने सांगायला लागली त्याच्या कितीतरी पट वर्षं.

एवढं सगळं उगाळून उपयोग काय, असं वाटत असेल तर ३ डिसेंबर २०२४ आठवा. राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी रात्री अचानक लष्करी कायदा पुकारला, १९८० नंतर पहिल्यांदाच. लोक झोपून राहिले नाहीत, थेट संसदेकडे धावले. खासदार भिंतीवरून उड्या मारून आत शिरले, १९० विरुद्ध ० मतांनी ठराव झाला आणि पहाटेपर्यंत कायदा मागे. एप्रिल २०२५ मध्ये युन पदावरून गेले. सिनेमाने लोकशाही वाचवली हे म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण 'लष्करी कायदा' या शब्दाचा अर्थ त्या गर्दीतल्या पोरांना कोणी समजावून सांगावा लागला नाही. १९८० मध्ये जन्मलेलेही नव्हते ते.

असो. यादी संपली की 'रिप्लाय १९८८' पुन्हा लावा. पहिल्यांदा बघताना आपण सगळे "नवरा कोण" यातच अडकलेलो असतो. या वेळी मोर्चात जाणारी थोरली बोरा आणि तिच्यासाठी पावसात पोलिसांची विनवणी करणारी आई, एवढंच बघा. ती आई कशाला घाबरतेय ते आता कळेल.