तंबाखूच्या पानांवर उभी राहिलेली वसाहत

१/ १६०४ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूच्या निषेधार्थ पुस्तिका लिहिली. त्याच्याच नावाने १६०७ मध्ये अमेरिकेत वसलेले जेम्सटाऊन मात्र पुढे तंबाखूवरच जगले.

२/ आरंभी ही वसाहत उपासमारीने खचली होती. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फ याने स्पॅनिश अमेरिकेतील सौम्य तंबाखूचे बी व्हर्जिनियात पेरले. माल लंडनला विकला जाऊ लागला, तसे रहिवासी धान्य सोडून तंबाखू लावू लागले. अखेर आधी मका पेरण्याची सक्ती करावी लागली.

३/ पुढे ही पानेच चलन झाली. कर, देणी, पाद्र्यांचे वेतन तंबाखूत चुकते होई.

४/ हे पीक काही वर्षांतच जमिनीचा कस शोषून घेई. लावणी, शेंडे खुडणे, अळ्या वेचणे, पाने वाळवणे ही सारी कामे हातांनीच होत. त्यामुळे सतत नवी जमीन हवी, नवे मजूरही हवेत. जमीन पोव्हाटन या मूळनिवासींकडून बळकावली गेली. मजूर आधी करारबद्ध इंग्रज होते, नंतर गुलाम आफ्रिकन.

५/ १६१९ मध्ये वीसहून थोडे अधिक आफ्रिकन बंदी येथे उतरवले गेले. १६६२ च्या कायद्याने गुलाम आईचे अपत्यही जन्मतः गुलाम ठरले. मळेवाल्यांना आता जमिनीबरोबर मजुरांची पुढची पिढीही वारशाने मिळू लागली.