जनाज्यातून बोलणारा शेखचिल्ली

उन्हाळ्यात अंगणात बाजा पडल्या की आमच्या वऱ्हाडातल्या घरांत शेखचिल्ली हजर व्हायचा. नानीची भाषा निम्मी दखनी, निम्मी वऱ्हाडी. 'काऊन' आणि 'कायकू' एकाच वाक्यात नांदायचे.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. शेखचिल्ली बसल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवत होता. वाटसरू म्हणाला, पडशील. तो पडला. हा तर भविष्य जाणणारा वली, असे समजून त्याने स्वतःच्या मौतीची वेळ विचारली. पिच्छा सुटावा म्हणून वाटसरूने काहीतरी खूण सांगितली. ती दिसताच शेखचिल्ली 'मेला'. लोकांनी जनाजा उचलला. पुढे दोन वाटा फुटल्या आणि खांदेकऱ्यांत वाद जुंपला, कब्रस्तानची वाट कोणती? तेव्हा मय्यत उठून बसली, "मैं जिता था तब तो इधर से जाता था!"

लहानपणी आम्ही त्या मूर्खाला हसलो. आता वाटते, हसायचे तर खांदेकऱ्यांना हसायला हवे होते. वाट एकालाच ठाऊक आणि नेमका तोच मेला म्हणून सर्वांनी मान्य केलेला! कथेतला उपरोध हाच आहे.

ही कथा काही वऱ्हाडात जन्मलेली नव्हे. तुर्कस्तानात ती मुल्ला नसरुद्दीनच्या नावावर सांगतात. पण इथे ती रुजली, त्याला इथला इतिहासही कारण असावा असे आम्हाला वाटते. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम वऱ्हाडचा धनी झाला. पुढे नागपूरकर भोसलेही महसुलात वाटा घेऊ लागले. लोक याला दुअम्मल म्हणत. एका शेतावर दोन हक्कदार! १८०३ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या आडगावला भोसले इंग्रजांकडून हरले. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने गेला. आणि १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या शहजाद्याला किताब मिळाला, 'प्रिन्स ऑफ बेरार'. कारभार इंग्रजांचा, किताब हैदराबादचा, नांगर तिसऱ्याच्याच हाती. त्या तिसऱ्याला वाट कुणी विचारली?

अशा मुलखात शहाण्याने गप्प बसायचे आणि खरे बोलायचे ते वेड्याच्या सोंगात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी हे सोंग आयुष्यभर पेलले. डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्या. दिवसा गाव झाडणाऱ्या त्या माणसाला लोक भिकारी समजत, रात्री त्याच्याच कीर्तनाला गर्दी करत. कीर्तनातही बाबा अडाण्यासारखे साधे प्रश्न विचारत, आणि उत्तर देता देता श्रोताच उघडा पडे. नानीने बाबांचे कीर्तन ऐकले होते की नाही, कोण जाणे. पण रीत एकच.

आपल्याकडे मात्र 'शेखचिल्ली' ही शिवी उरली. मनोरे रचणाऱ्या पोराला बाप तीच देतो. हरियाणात ठाणेसरला शेखचिल्लीचा म्हणून ओळखला जाणारा देखणा मकबरा आहे; तिथे विसावलेले सूफी दारा शिकोहचे मुर्शिद मानले जातात. वलीचे आणि मूर्खाचे नाव एकच. नानीची गोष्ट आज पुस्तकी उर्दूला गावंढळ वाटते, प्रमाण मराठीला परकी. दोन्हीकडचे खांदेकरी भांडताहेत.

आम्ही विचारायचो, "नानी, फिर उसकू दफन किये क्या?"

नानी कूस बदलून म्हणायची, "सो जाव अब."