आरसा गेला, भिंग राहिले

#थ्रेड

१/
मूर्तिजापूर स्थानकात एकेकाळी दोन मापांचे रूळ भेटत. यवतमाळहून येणाऱ्या ‘शकुंतला’च्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, तर मुंबई–नागपूर मार्गाचे १,६७६. वऱ्हाडचा कापूस इथवर येई. पुढच्या प्रवासासाठी तो दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. माप जुळले नाही की माल अडतो.

२/
कॅमेऱ्याच्या इतिहासातही असेच एक निर्णायक माप आहे : लेन्स बसवण्याचे कडे आणि फिल्म यांतील अंतर. १९५९ च्या निकॉन एफमध्ये ते ४६.५ मिमी होते. अर्ध्या शतकापूर्वीची लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालेल का, हे आधी या मापावर ठरते.

३/
नॅरोगेजच्या डब्यात छायाचित्रकाराला मागे सरकायला जागा नसते. तेथे वाइड-अँगल लेन्स हवी. ३५ मिमी फिल्मवर ५० मिमीची लेन्स कर्णरेषेत सुमारे ४७ अंशांचे दृश्य टिपते. २८ मिमीची सुमारे ७५ अंशांचे.

४/
मात्र नाभीय अंतर जितके कमी, तितकी साध्या रचनेची लेन्स फिल्मजवळ असावी लागते. आणि एसएलआर कॅमेऱ्यात नेमका तेथेच आरसा असतो. १९५९ च्या २१ मिमी निक्कोरचा मागचा भाग इतका आत शिरे, की आरसा वर अडकवून दृश्य वेगळ्या व्ह्यूफाइंडरमधून पाहावे लागे.

५/
या कोंडीवरचा तोडगा फ्रान्समध्ये निघाला. पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये ‘रेट्रोफोकस’ लेन्स आणली. पुढे अंतर्गोल गुणधर्माचा भिंगगट, मागे बहिर्गोल गुणधर्माचा : जणू उलटी दुर्बीण. त्यामुळे लेन्स आरशाच्या पुढे राहूनही रुंद दृश्य फिल्मवर उमटू लागले.

६/
पुढे मापे बदलली. कॅननने १९८७ मध्ये ४२ मिमीचे एफडी माप सोडून ४४ मिमीचे ईएफ स्वीकारले. अवघ्या २ मिमीच्या फरकाने एफडी लेन्स पोरक्या झाल्या. नव्या कॅमेऱ्यावर, मध्ये जादा भिंग घातल्याशिवाय, त्यांना दूरचे दृश्य स्पष्ट टिपता येईना.

७/
२००८ पासून मिररलेस कॅमेरे आले. आरसा गेला आणि जागा मोकळी झाली. २०१३ च्या सोनी ए७ मध्ये हे अंतर १८ मिमी आहे. जुनी निकॉन लेन्स बसवायला २८.५ मिमीची पोकळ नळी पुरते. तिच्यात काच नाही. त्याचा सेन्सर जुन्या फिल्म-चौकटीएवढा असल्याने २८ मिमीची लेन्स पूर्ण रुंदीने पाहते. लहान एपीएस-सी सेन्सरवर तीच सुमारे ४२ मिमीसारखी वागते.

८/
इतिहासाची गंमत पुढे आहे. फिल्मला जवळजवळ चिकटणाऱ्या जुन्या वाइड-अँगल लेन्समधून प्रकाश सेन्सरच्या कडांवर फार तिरपा पडतो; कोपरे रंग बदलतात, पुसट होतात. रेट्रोफोकसमध्ये तो तिरपेपणा कमी असतो. आरशासाठी केलेली तडजोड आरसा गेल्यावर सेन्सरच्या कामी आली.

९/
वापर हाताचा. एफ/८ वर २८ मिमी लेन्स ३.३ मीटरवर लावली, तर साधारण १.६ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. कॅमेरा वर झुकवला की फलाटाचे खांब आत कललेले दिसतात. तो समतल धरावा. ही लेन्स कॅमेऱ्याला काहीच कळवत नाही. म्हणून लेन्स, अपर्चर आणि स्थळ वहीत टिपावे. अशा नोंदीविना छायाचित्राचे पुराव्याचे मोल घटते.

१०/
वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा–कळंब टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. शकुंतला थांबली आहे. ७६२ आणि १,६७६ यांना जोडणारी पोकळ नळी नसते. तिची स्थानके, फलाट आणि पूल उभे आहेत तोवर त्यांची चित्रे घेता येतील, आणि त्यासाठी जुन्या बाजारातली हाताने फिरवायची लेन्सही पुरेशी आहे.