आणेवारीत न बसलेली साथ

इ.स. १६७६ च्या सप्टेंबरात शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला एक पत्र धाडलं. ज्या कुणब्याकडे बैल नाहीत त्याला बैलांची सोय करून द्या, पोटाला नसेल तर धान्य द्या, वसूल मुद्दलच करा आणि तेही त्याच्या ऐपतीनं, बेताबेतानं, असा त्याचा आशय. या कामी दोन लाख लारी (त्या काळचं चांदीचं नाणं) एवढा खर्च झाला तरी चालेल, अशी मुभाही होती. नंतरच्या काळात अशाच मदतीला तगाई म्हणत. इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ साली दोन कायदे करून ती छापील नियमांत बसवली. व्याज मात्र आलं.

तगाई म्हणजे उसनवारी. दुसरा दिलासा सूट किंवा तहकुबीचा, म्हणजे शेतसारा माफ करायचा नाहीतर पुढे ढकलायचा. सरकारनं घेतलं नाही, हेच देणं! त्याचं माप आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. मुंबई इलाख्यात चार आण्यांच्या आत आलं तर साऱ्याची वसुली तहकूब.

या मापाला पीक दिसे, माणूस दिसत नसे. १९१८ साली ते उघडं पडलं. खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीनं पिकं गेली होती, त्यातच प्लेग. पण गांधी आणि वल्लभभाई पटेल यांचा सरकारशी वाद पेटला तो पीक चार आण्यांच्या आत की वर, यावरच. मार्चमध्ये नडियादला सुरू झालेला सत्याग्रह जूनमध्ये आटोपला. ज्यांना झेपेल त्यांच्याकडूनच सारा घ्यायचा, असं ठरलं. त्याच जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं गेली. त्या वर्षीचा पाऊस आधीच दगा देऊन गेलेला. जे काही शेतात उभं होतं ते कापायला हात नव्हते. कापणीला गडी नाही, हे कुठल्या आण्यात मोजायचं?

२०२० मध्ये कोडं उलटं होतं. पीक सोळा आणे, बाजार बंद. करोनामुळे टाळेबंदी लागली तेव्हा नाशिक-सांगलीकडची द्राक्षं अजून वेलीवर होती. कुणी मिळेल त्या भावाला विकली, कुणी बेदाण्याला घातली. दुष्काळ नाही, गारपीट नाही. पंचनामा करायला जाणार तरी कशाचा?

२६ मार्चला केंद्रानं जाहीर केलं, की ८.६९ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात २,००० रुपये जमा होतील. आकडा दणदणीत. पण पीएम-किसानचा हा हप्ता तसाही यायचाच होता. योजना २०१९ सालची, वर्षाला ६,००० रुपयांची. घरबसल्या पैसे मिळाले हे खरंच, आणि त्या दिवसांत तेवढाही आधार होता. मात्र ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. खंडानं किंवा वाट्यानं कसणारा यातून बाहेर राहिला, आणि नवऱ्याच्या नावावरच्या रानात राबणारी बाईही.

नुकसान नेमकं जिथं होतं तिथं बोट ठेवलं ते दुधाच्या निर्णयानं. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं बंद. गाय मात्र रोज दूध देणारच. राज्य सरकारनं एप्रिल-मेसाठी रोज १० लाख लिटरपर्यंत जादा दूध २५ रुपये लिटरनं घेऊन त्याची भुकटी करायचं ठरवलं. इथं आणेवारी नव्हती, सातबाराही नव्हता. डेअरीत दूध घातलं की झालं.

तरी जुलैत गाईच्या दुधाचा भाव २० रुपयांच्या आसपास घुटमळत होता, कुठे कुठे त्याच्याही खाली. गावोगाव शेतकऱ्यांनी देवळासमोर उभं राहून दगडाला दुधाचा अभिषेक घातला. मागणी होती लिटरमागे १० रुपये अनुदानाची, थेट खात्यात.