अल्पायुषी ‘विक्रांत’चें दीर्घ आयुष्य

गोंदियाजवळील नागरा या गांवीं एक पुरातन शिवमंदिर आहे. तेथून मुंबईचा समुद्र हजारभर किलोमीटर दूर. तरी एका युद्धनौकेविषयीं लिहितांना आम्हांस त्या मंदिराचें स्मरण होतें. दगड रचणाऱ्यानें तें चिरकाल टिकावें म्हणूनच रचिलें. उलट, ज्या ‘विक्रांत’ नौकेच्या मोडतोडीनें महाराष्ट्रांत एवढी हळहळ उत्पन्न झाली, ती मुळांतच थोड्या दिवसांच्या कामासाठीं योजिलेली होती.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश आरमारास विमानवाहू नौकांची निकड भासूं लागली. चिलखती नौका बांधावयास फार काळ लागे. म्हणून १९४२ सालीं हलक्या नौकेचा नवा आराखडा तयार झाला. तिचा सांगाडा व्यापारी जहाजांच्या नियमांप्रमाणें बांधावयाचा व चिलखत जवळजवळ वगळावयाचें, म्हणजे व्यापारी गोद्यांनाही तें काम सोंपवितां यावें, अशी ती योजना होती. तीन वर्षें चालली तरी पुरे, पुढें मोडावी, हा हिशेब! त्या मालिकेंतील ‘हर्क्युलिस’चें काम टाइन नदीवर व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदींत १९४३ सालीं सुरू झालें, आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजीं ती पाण्यांत उतरली. तोंवर युद्ध संपून गेलें होतें. १९४६ सालीं काम थांबलें व अपुरी नौका दहा वर्षें तशीच पडून राहिली.

हा आळसच पुढें तिला वरदान ठरला, असें आम्हांस वाटतें. त्या दहा वर्षांत जेट विमानें आलीं, आणि त्यांच्यासाठीं तिरका डेक, वाफेच्या जोरावर विमान फेंकणारें यंत्र व उतरणाऱ्या वैमानिकास दिशा दाखविणारा आरसा, हे तिन्ही शोध लागले. तिरक्या डेकचें महत्त्व वाचकांनीं ध्यानीं घ्यावें. सरळ डेकवर उतरणाऱ्या विमानाचा आंकडा तारेंत न अडकला, तर तें पुढें उभ्या असलेल्या विमानांवर आदळण्याची भीति असे. तिरक्या डेकवरून तेंच विमान पुन्हां आकाशांत झेंप घेऊं शकतें. भारतानें १९५७ च्या जानेवारींत नौका विकत घेतली, व बेलफास्ट येथें ही सारी सामग्री बसवून ती पुरी करण्यांत आली. ४ मार्च १९६१ रोजीं विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्तें ती आरमारांत दाखल झाली आणि ३ नोव्हेंबर रोजीं मुंबईस पोंचली. लांबी ७०० फूट, पूर्ण भारासह वजन १९,५०० टन, वेग सुमारें २५ नॉट.

१९६५ च्या युद्धांत ती मुंबईच्या सुक्या गोदींत दुरुस्तीस होती; पाकिस्ताननें मात्र ती बुडविल्याचें जाहीर करून टाकलें!

तिची खरी कसोटी १९७१ सालीं लागली. आदल्या वर्षीं बॉयलरांस तडे गेल्याचें आढळलें होतें, व पूर्ण वेग देणें धोक्याचें ठरलें होतें. विमानवाहू नौकेस वेग नसणें ही साधी उणीव नव्हे. नौका वाऱ्याच्या तोंडास धांवते, तेव्हां तिचा वेग व वाऱ्याचा वेग मिळून विमानास उचलतात. वारा पडलेला आणि नौका मंद, म्हणजे विमानावर बाँब कमी. अशा स्थितींत कप्तान स्वराज प्रकाश यांनीं ती बंगालच्या उपसागरांत नेली. तिला गांठण्यास निघालेली ‘गाझी’ पाणबुडी ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्रीं विशाखापट्टणमजवळ बुडाली. ती कशानें, याविषयीं उभय देशांत अद्याप मतभेद आहे. ४ डिसेंबर रोजीं ‘विक्रांत’वरील सी हॉक विमानांनीं कॉक्स बाजार व चित्तगांव यांवर हल्ले चढविले. रात्रीच्या मोहिमा आलिझे विमानांनीं संभाळल्या. पूर्वेकडील बंदरें अशीं निकामी झाल्यानें पाकिस्तानी सैन्याची समुद्रमार्गें सुटका होण्याची आशा मावळली. सदोष यंत्रांनिशीं केलेली ही कामगिरी आम्हांस तिच्या साऱ्या आयुष्यांत श्रेष्ठ वाटते.

पुढें तिच्यावर सी हॅरियर विमानें आलीं, व त्यांच्या उड्डाणासाठीं डेकच्या टोंकाशीं चढण बसविण्यांत आली. ३१ जानेवारी १९९७ रोजीं ती निवृत्त झाली. तीन वर्षांचा हिशेब छत्तीस वर्षांवर गेला होता.

त्यानंतर मुंबईंत संग्रहालय म्हणून ती काहीं काळ लोकांस पाहावयास मिळाली. परंतु २०१२ सालीं सुरक्षिततेच्या कारणावरून तेंही बंद झालें. शेवटीं सुमारें ६० कोटि रुपयांस विक्री झाली आणि, सर्वोच्च न्यायालयानें अडसर दूर केल्यावर, २०१४ च्या नोव्हेंबरांत दारूखान्यास घण पडूं लागले. दोष विकणाऱ्यांस देणें सोपें आहे. पण पातळ पत्र्याची नौका खाऱ्या पाण्यांत उभी ठेवली, तर तिला गंज चढणारच. जतन करावयाचीच होती, तर ती कोरड्या जागीं बसविण्याचा निर्णय १९९७ सालींच व्हावयास हवा होता. पंधरा वर्षें चर्चेंत गेलीं, व पत्रा तेवढा काळ वाट पाहणारा नव्हता.

तिच्या लोखंडाचा काहीं भाग पुण्याच्या बजाज कंपनीनें घेतला, आणि २०१६ सालीं त्याच्या मिश्रणानें घडविलेल्या मोटारसायकली बाजारांत आल्या. कोचीस बांधलेली, तिचेंच नांव धारण करणारी नवी विमानवाहू नौका २ सप्टेंबर २०२२ रोजीं आरमारांत दाखल झाली.